रेघ कोणी ओढायची? वनस्पती-ओळख पुस्तिकेच्या चित्रांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या एका हौशी गटाने खिशात मावेल अशी ओळख-पुस्तिका काढायचे ठरवले. आकार ए-५, पानागणिक एक वनस्पती, तिचे काळ्या रेघेतले चित्र आणि फूल किंवा फळ यांपुरता रंग, असा आराखडा होता. गटात एक संपादिका, एक छायाचित्रकार, टॅब्लेटवर काम करणारी एक चित्रकर्ती, कागदावर शाईनेच काम करण्याची सवय असलेला एक चित्रकार आणि मजकूर तपासणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका असे पाच जण होते. चित्रे छपाईयोग्य आहेत की नाहीत हे पाहण्याच्या निमित्ताने मी या कामाशी जोडला गेलो आणि पुढच्या घडामोडी जवळून पाहिल्या. व्यक्ती आणि ठिकाणे ओळखता येतील असे तपशील येथे गाळले आहेत. निर्णय आणि त्यांमागची कारणे मात्र घडली तशीच मांडली आहेत.

उत्तम छायाचित्रे हाताशी असताना चित्रे काढायचीच कशाला, हा प्रश्न पहिल्या बैठकीतच निघाला होता. त्याचे उत्तर छायाचित्रकारानेच दिले. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराइतकी मोठी पडते त्या अंतरावर, फुल-फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याने, एफ ८ या मध्यम छिद्रावर फोटो काढला, तर जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. परागकोश स्पष्ट आले की पाकळीची कड धूसर होते. छिद्र आणखी लहान केले तर खोली थोडी वाढते, पण विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, सगळेच चित्र किंचित मऊ पडते. शिवाय कळी, फूल आणि पिकलेले फळ एका वेळी एकाच फांदीवर क्वचितच मिळतात. चित्रात ते एकत्र दाखवता येतात. आराखडा रेखाचित्रांचाच राहिला तो या कारणाने.

अडचण

छायाचित्रे तयार होती आणि वेळ कमी होता. त्यामुळे संपादिका आणि छायाचित्रकार यांनी एक सोपा मार्ग सुचवला: फोटोचे पेन्सिल-रेखाटन करून देणारा फिल्टर वापरायचा आणि निघालेल्या चित्रावर हाताने थोडी डागडुजी करायची. नमुन्याची चार-पाच पाने तशी तयारही झाली. ती दिसायला इतकी देखणी होती की गटातल्या बहुतेकांचे मत तिथेच बनले.

प्राध्यापिकाबाईंनी ती पाने परत पाठवली तेव्हा त्यांवर जागोजाग लाल खुणा होत्या. चित्रातल्या एका पानाला दोन मध्यशिरा दिसत होत्या. प्रत्यक्षात दुसरी शीर म्हणजे वरच्या पानाची खाली पडलेली सावली होती. पानाच्या कातर कडेचे दाते अर्ध्या लांबीपर्यंत नीट दिसत होते आणि पुढे, फोटो धूसर झाला होता तिथून, कड गुळगुळीत झाली होती. सगळ्यांत गंभीर खूण देठावर होती. त्या जातीच्या देठावर पांढरी दाट लव असते आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचा देठ गुळगुळीत असतो. दोघींमधला ठळक फरक हाच, आणि चित्रात लव अजिबात नव्हती.

हे असे का झाले ते समजून घेण्यात आम्ही बराच वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते. अशा फिल्टरची सर्वांत रुळलेली कृती साधी आहे. फोटो करड्या छटांत आणायचा, त्याची एक प्रत उलट छटांची करायची, ती प्रत धूसर करायची आणि मूळ फोटोवर ‘कलर डॉज’ या मिश्रणाने ठेवायची. गणित सोडवले तर उरते ते एवढेच, की प्रत्येक पिक्सेलच्या उजळपणाला त्याच्या आसपासच्या सरासरी उजळपणाने भागले जाते. पिक्सेल भोवतालाइतकाच उजळ असेल तर उत्तर पांढरे. भोवतालापेक्षा अधिक उजळ असेल तरीही उत्तर पांढरेच, कारण पांढऱ्याच्या पलीकडे जाता येत नाही. भोवतालापेक्षा गडद असेल तेव्हाच रेघ उमटते.

यातून तिन्ही दोषांचा उलगडा होतो. सावलीच्या कडेशी उजळ आणि गडद भाग शेजारी येतात, म्हणून तिथे रेघ येते. धूसर कडेवर शेजारच्या पिक्सेलांत फारसा फरकच नसतो, म्हणून तिथे रेघ येत नाही. आणि गडद पार्श्वभूमीवरची पांढरी लव भोवतालापेक्षा उजळ असल्यामुळे तिची रेघ या कृतीतून निघूच शकत नाही. फिल्टरचे कोणतेही बटण फिरवून हे सुधारले नसते. त्याला पान दिसत नाही, उजेडातला फरक दिसतो. शीर आणि सावली यांतला भेद ज्याला माहीत आहे त्यानेच रेघ ओढली पाहिजे, हे त्या दिवशी गटात सर्वांना पटले. मात्र ती कशी ओढायची यावर एकमत नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

शाईने काम करणाऱ्या चित्रकाराचे म्हणणे होते की सगळी चित्रे कागदावर काढून स्कॅन करावीत. रेघेचा जिवंतपणा आणि निब दाबल्यावर येणारा तिचा भरीवपणा, दोन्ही बाबतींत तो मार्ग सर्वांत सरस होता, हे आजही माझे मत आहे. परंतु प्राध्यापिकाबाईंच्या दुरुस्त्या पानागणिक येणार होत्या, आणि शाईचे चित्र तीनदा दुरुस्त करायचे म्हणजे ते तीनदा काढणे.

इंकस्केपसारख्या साधनात वेक्टर रेघा, म्हणजे पिक्सेलऐवजी बिंदू आणि वक्रांच्या गणिताने साठवलेल्या रेघा, काढण्याचा विचारही झाला. वेक्टर रेघ कितीही मोठी केली तरी फाटत नाही आणि तिची जाडी नंतर बदलता येते. पण लवेसारख्या शेकडो बारीक, असमान रेघा बिंदूबिंदूने मांडणे किंवा नंतर सावरणे हे चित्रकर्तीच्या हाताला जमणारे नव्हते, आणि फोटोवरून आपोआप वेक्टर बनवण्यात फिल्टरचेच दोष पुन्हा आले असते.

वेगवेगळ्या अंतरावर फोकस करून काढलेले अनेक फोटो जोडून एक संपूर्ण स्पष्ट फोटो तयार करायचा आणि रेखाचित्रे सोडूनच द्यायची, असे छायाचित्रकाराने सुचवले. हा पर्याय गंभीरपणे घ्यावा असाच होता. तथापि वाऱ्यात हलणाऱ्या फांदीवर ही पद्धत नीट चालत नाही, कारण प्रत्येक फोटोत पान थोडे सरकलेले असते आणि जोडाच्या जागी दुहेरी कडा येतात. जुन्या फोटोंवर तर ती लागूच होत नव्हती.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या चित्रनिर्मितीच्या साधनाचीही चाचणी घेतली गेली. चित्र सुबक आले, परंतु फांदीवर एकाआड एक असलेली पाने समोरासमोर आली होती. असे साधन आधी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून जे संभवते ते काढते. या फांदीवर काय आहे याची हमी ते देत नाही. ओळख-पुस्तिकेत हा दोष क्षम्य नाही, म्हणून त्यावर चर्चा लांबवली नाही.

शेवटी उरला तो पर्याय म्हणजे टॅब्लेटवर, फोटो खाली ठेवून, स्टायलसने हाताने रेखाटन करणे. हा पर्याय निवडण्याचे खरे कारण वेग नव्हते. कोणतीही रेघ मागाहून, शेजारच्या रेघेला धक्का न लावता, पुसता आणि पुन्हा काढता यावी, हे ते कारण होते.

प्रत्यक्ष कार्यवाही

पहिला नियम लेयरचा, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांचा, ठरला. बाह्यरेषा, शिरा, लव, ठिपक्यांची छाया आणि रंग यांना प्रत्येकी स्वतंत्र लेयर. खाली फोटो फिकट करून कुलूपबंद. लेयरची नावे सर्व फाईलींत सारखीच ठेवायची. कागदावरचा चित्रकारही अखेर सामील झाला आणि संगणकाला जोडलेल्या पेन-टॅब्लेटवर क्रिटा हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर वापरू लागला. चित्रकर्ती तिच्या टॅब्लेटवर प्रोक्रिएट वापरत होती. दोन्हींमध्ये पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वरूपातली, फाईल देवघेवीसाठी चालते, मात्र लेयरच्या मिश्रणाच्या काही पद्धती एका साधनातून दुसऱ्यात जाताना वेगळ्या दिसतात. म्हणून ‘नॉर्मल’ आणि ‘मल्टिप्लाय’ या दोनच पद्धती वापरायच्या असे ठरवले. दोघांच्या स्टायलसच्या दाबाची वक्ररेषा (किती दाबले की रेघ किती जाड होते ते ठरवणारी) जुळवून घेण्यात एक पूर्ण बैठक गेली. तसे केले नसते तर एका पुस्तिकेत दोन निराळ्या हातांची रेघ ठळकपणे दिसली असती.

दुसरा नियम फोटोंचा. फोनने अगदी जवळून काढलेल्या फोटोत पुढचे पान फुगलेले आणि मागचे आक्रसलेले येते. हा लेन्सचा दोष नव्हे. यथार्थदर्शन कॅमेऱ्याच्या अंतरावर अवलंबून असते, आणि जवळून पाहिले की पुढच्या-मागच्या वस्तूंच्या आकारांतली तफावत वाढते. अशा फोटोवर गिरवलेल्या चित्रात पानांची प्रमाणे चुकतात आणि ती चूक रेघेच्या सफाईमुळे लपून राहते. म्हणून छायाचित्रकाराने मिळतील तितक्या वनस्पतींचे फोटो लांबून, मोठ्या नाभीय अंतराच्या लेन्सने, चौकटीत मोजपट्टी ठेवून पुन्हा काढले आणि ते रॉ, म्हणजे सेन्सरवरची माहिती जशीच्या तशी राखणाऱ्या, स्वरूपात ठेवले. जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला २५६ छटा मिळतात, तर १४ बिटांच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४. सावलीतल्या देठावरची लव वर काढताना हा फरक डोळ्यांना दिसला: जेपेगमध्ये तिथे चौकोनी डाग होते, रॉ फाईलमध्ये केस न् केस मोजता येत होता.

कॅनव्हासचा आकार ठरवताना मात्र मतभेद झाले. चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना छाटली जाणारी जादा कड) धरून पान १५४ बाय २१६ मिलिमीटरचे होते. इंचाला ३०० पिक्सेलने ते १८१९ बाय २५५१ पिक्सेल होते, ६०० ने ३६३८ बाय ५१०२. रिझोल्यूशन दुप्पट केले की पिक्सेल चौपट होतात. ६०० ला एका लेयरला साधारण ७४ मेगाबाइट स्मृती लागते. प्रोक्रिएटमध्ये कॅनव्हास जितका मोठा तितके लेयर कमी मिळतात, आणि चित्रकर्तीच्या जुन्या टॅब्लेटवर ६०० ला ठरलेले लेयर बसेनात. लेयर सोडायचे की रिझोल्यूशन, असा तो प्रश्न होता. गटाने लेयर राखले आणि ३०० वर काम सुरू केले. छायाचित्रांसाठी ३०० पुरते हा सर्वमान्य अंदाज त्यामागे होता. रेघेला तो लागू होत नाही, हे पुढे उघड झाले.

छपाईच्या टप्प्यावरचा पेच

सुमारे एक तृतीयांश चित्रे झाल्यावर दोन पानांचे प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, काढले गेले. पडद्यावर काळीभोर, नेमकी दिसणारी लव कागदावर करड्या धुक्यासारखी आली होती. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक केसाच्या एका बाजूला गुलाबीसर आणि दुसऱ्या बाजूला निळसर झाक होती.

कारणे दोन होती. इंचाला ३०० पिक्सेलने एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे ०.१ मिलिमीटर जाडीचा केस जेमतेम एका पिक्सेलएवढा. तो तिरका काढला की कडा मऊ दिसाव्यात म्हणून साधन आजूबाजूला करडे पिक्सेल पेरते, आणि छपाईत करड्याचे ठिपके होतात. रेघ उरतच नाही. दुसरे असे, की चित्र आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीत, होते आणि आरजीबीतले शुद्ध काळे छपाईच्या सीएमवायके या चार शाईंच्या पद्धतीत नेले की ते चार शाईंचे मिश्रण बनते. फोटोशॉपमध्ये वर्षानुवर्षे रुळलेल्या मूळ मांडणीत ते सायन ७५, मजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के असे होते. चार शाईंच्या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी केसाएवढ्याच रेघेला रंगीत कडा येणारच.

रेघ आणि रंग यांना कायमचे वेगळे करणे हा यावरचा उपाय होता. रेघेचे सगळे लेयर एकत्र करून इंचाला १२०० पिक्सेलची, केवळ काळे आणि पांढरे जाणणारी एक-बिटी फाईल करायची आणि ती फक्त काळ्या शाईत, रंगावर ओव्हरप्रिंट होईल अशी, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच, छापायची. रंग ३०० वरच खाली राहू द्यायचा. एक-बिटी फाईलमध्ये प्रत्येक पिक्सेलला एकच बिट लागत असल्याने एवढे रिझोल्यूशन असूनही ती विनासंकोचन नऊ मेगाबाइटच्या आसपास बसते. नव्या चित्रांसाठी चित्रकर्तीने रेघेची फाईल ६०० वर आणि रंगाची ३०० वर अशा दोन फाईली ठेवायला सुरुवात केली, आणि लेयरची अडचणही त्यातून आपोआप सुटली.

झालेल्या चित्रांचे काय करायचे, हा या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय. संपादिकेचा कल सगळी चित्रे सॉफ्टवेअरने चौपट मोठी करून घेण्याकडे होता. चित्रकर्ती सगळी पुन्हा काढायला तयार होती. एका पानावर दोन्ही करून पाहिले. मोठी करून थ्रेशोल्ड लावलेली, म्हणजे प्रत्येक करडा पिक्सेल काळा किंवा पांढरा केलेली, बाह्यरेषा समाधानकारक आली, शिराही बऱ्या आल्या. लव मात्र एकमेकींत मिसळून तिचे काळे पट्टे झाले. लव स्वतंत्र लेयरवर असल्यामुळे निर्णय सोपा झाला: बाह्यरेषा आणि शिरा मोठ्या करून ठेवायच्या, लव तेवढी पुन्हा काढायची. सगळे एकाच लेयरवर असते तर हा मधला मार्ग उपलब्धच नसता.

रंगांचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा होता. चित्रकर्तीचा टॅब्लेट ‘डिस्प्ले पी३’ हा विस्तृत रंगावकाश, म्हणजे रंगांचा आवाका, दाखवत होता. त्यातला तेजस्वी निळा-जांभळा १९९९ पासून प्रमाण असलेल्या एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगावकाशातही पुरता बसत नाही, आणि लेप नसलेल्या कागदावरच्या चार शाईंत तर नाहीच. गुळगुळीत आर्ट पेपर घेतला असता तर रंग खुलले असते. परंतु ही पुस्तिका उन्हात उघडली जाणार होती, जिथे चकाकणारे पान वाचता येत नाही, आणि तिच्यात पेन्सिलने नोंदी करायच्या होत्या. पाचवी, खास मिसळलेली शाई वापरण्याचा खर्च दोन-तीन फुलांसाठी पटण्यासारखा नव्हता. गटाने कागद बदलला नाही. त्याऐवजी छपाई करणाऱ्यांकडून त्या कागदाचे आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाईल) मागून घेतले, क्रिटामधल्या सॉफ्ट प्रूफिंगने (छापील रंगांचा अंदाज पडद्यावरच दाखवणाऱ्या सोयीने) प्रत्येक चित्र पाहून आवाक्याबाहेरचे रंग हाताने जुळवले, आणि ज्या फुलांचा रंग गाठता आला नाही त्यांच्या वर्णनात तसे स्पष्ट लिहिले. हे शेवटचे मला विशेष आवडले. वाचकाला चित्रावर विसंबायला सांगायचे तर चित्र कुठे अपुरे आहे हेही सांगितले पाहिजे.

निष्पत्ती

पुस्तिका ठरल्यापेक्षा उशिरा, पण पूर्ण होऊन निघाली. प्राध्यापिकाबाईंच्या अखेरच्या फेरीत लाल खुणा आल्या त्या मजकुरावर. चित्रांवर फारशा नव्हत्या. छपाईआधी वनस्पतींची माहिती नसलेल्या काही वाचकांना लवदार आणि गुळगुळीत देठाच्या त्या दोन जातींच्या फांद्या आणि पुस्तिकेतली त्यांची दोन्ही पाने दिली होती. त्यांनी चित्रातली लव पाहून देठावर बोट फिरवले आणि फरक ओळखला. फिल्टरच्या चित्रावरून हे शक्य झाले नसते.

काही गोष्टी राहिल्या. मोठ्या केलेल्या आणि मुळातच ६०० वर काढलेल्या बाह्यरेषांमधला फरक सरावलेल्या डोळ्याला कळतो. पहिल्या चित्रांच्या रेघा किंचित बोथट आहेत. पडदे फार उजळ ठेवून रंगवलेली काही पाने छपाईत अपेक्षेपेक्षा गडद आली.

वेगळे काय करता आले असते

एक पान, अगदी कच्चे का होईना, पहिल्याच आठवड्यात ठरलेल्या कागदावर छापून पाहायला हवे होते. कागद, शाई आणि कमीत कमी किती जाडीची रेघ टिकते हे आधी कळले असते, तर कॅनव्हासचा वाद अंदाजावर न होता पुराव्यावर झाला असता. छपाई करणाऱ्यांशी बोलणे हे कामाच्या शेवटचे पाऊल मानले गेले. ते पहिले असायला हवे होते.

फिल्टरची नमुना-पाने प्राध्यापिकाबाईंना दाखवण्याआधी सगळ्या गटात फिरली, हीही टाळता येण्यासारखी गोष्ट होती. देखणे चित्र एकदा आवडले की त्यातली चूक मान्य करणे जड जाते, आणि तसे ते गेलेही. कोणत्याही नमुन्यावर पहिले मत विषयाच्या जाणकाराचे घ्यावे.

पुढच्या आवृत्तीविषयी एक मुद्दा अजून उघडा आहे. प्राध्यापिकाबाईंचा आग्रह असा, की यापुढे फोटोवरून गिरवूच नये, ताजी फांदी समोर ठेवून काढावे, कारण फोटोवरून काढणारा हात फोटोत जे आले नाही ते शोधायला जात नाही. चित्रकर्तीचे म्हणणे असे, की खुडलेले फूल तासाभरात मान टाकते आणि प्रमाणे बिघडतात. माझ्या मते दोघींचेही म्हणणे आपापल्या लेयरपुरते बरोबर आहे: बाह्यरेषा फोटोवरून घ्यावी, आणि लव, दाते व देठाचे सांधे भिंगाखाली धरलेल्या ताज्या फांदीवरून. या पद्धतीने दोन पाने करून पाहण्याचे ठरले आहे.